बॉयलरवरचं लाल लॉक

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला. पांढरी साडी, अमावस्या, "मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही"... माफ करा हं, पण माझा धंदाच तसला आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कुणी येऊन म्हणालं की "मॅडम, हे आपोआप झालं", की माझा एकच प्रश्न – पुन्हा करून दाखव. नाही दाखवता आलं तर ते झालंच नाही, विषय संपला. टीममधली पोरं मला मागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

तर अशी मी आज स्वतः लिहायला बसलेय, आणि पुन्हा करून दाखव म्हणाल तर दाखवता येणार नाही. खोटं वाटलं तर खुशाल खोटं म्हणा. तुमच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

आधी जागा सांगते. आयर्लंड, काउंटी क्लेअर. शॅननच्या एअरपोर्टला लागून मोठी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथल्या एका मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीत माझा नवरा सुहास मेंटेनन्स इंजिनिअर आहे. आम्ही राहतो तिथून गाडीने थोड्याच अंतरावर, भाड्याच्या बंगल्यात. बंगला म्हणजे डोळ्यासमोर पुण्यातला बंगला आणू नका. एकमजली, बसकं घर, पुढे रस्ता, मागे एक पत्र्याची शेड आणि त्यामागे दुसऱ्याच्या गाई. घरात तीन माणसं. मी, सुहास आणि आमची रेवा, वय वर्षं सात. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, तेही शेजाऱ्यांसारखे हेल काढून.

मागच्या शेडमध्ये बॉयलर आहे. वाफेचा वगैरे नाही... केरोसीनवर पाणी तापवायचं आणि ते घरभर रेडिएटरमधून फिरवायचं, एवढंच त्याचं काम. पण इथे मे महिन्यातसुद्धा बॉयलर बंद पडला की घरात नाक गार पडतं.

आता त्या लॉकबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यावर आहे.

सुहासच्या कामात एक नियम असतो. मशीन उघडायच्या आधी त्याचा मेन स्विच बंद करायचा, त्याला आयसोलेटर म्हणतात, आणि त्यावर स्वतःचं लॉक लावायचं. लॉकला आपला फोटो आणि नाव लावलेला टॅग. किल्ली एकच, ती आपल्या खिशात. काम करून आपण मशीनमधून बाहेर आलो की आपलं लॉक आपणच काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही. शिफ्ट बदलली तर येणारा आधी स्वतःचं लॉक लावतो, मग जाणारा आपलं काढतो. लॉकशिवाय मशीन क्षणभरही उघडं राहता कामा नये.

बरं, हे कंपनीत ठीक आहे हो. हा बाबा घरीही तेच करायचा! मिक्सरचं भांडं घासायचं तर प्लग काढून खिशात. ट्यूब बदलायची तर बोर्डापाशी रेवाला पहारेकरी म्हणून उभं करायचं. या घरात आल्यावर बॉयलरचा जुना, गंजका स्विच बघून त्याला झोप लागेना. घरमालकिणीच्या मागे लागून त्याने तिथे स्वतःच्या हाताने नवीन आयसोलेटर बसवला. लाल दांडा, फिरवून ऑफ केला की त्यातल्या भोकात लॉक घालता येतं. आणि घरच्यासाठी कंपनीतल्यासारखंच एक लाल लॉक विकत आणलं. वर स्वतःचा फोटो. जुना, मिशीवाला.

मी पोट धरून हसले होते. म्हटलं, "अहो सुहासराव, बॉयलर पळून जाणार आहे का?"

तो एरवी माझ्या चेष्टेला हसतो. त्या दिवशी नाही हसला. म्हणाला, "मेघना, नागपूरला पहिल्या नोकरीत आमच्यातला एक जण मोठ्या मिक्सरमध्ये उतरला होता, आतलं खरवडायला. दुसऱ्याला वाटलं मशीन रिकामं आहे. त्याने चालू केलं." मग म्हणाला, "लॉकचा अर्थ एवढाच, की मी अजून आत आहे. चालू करू नका."

त्यानंतर मी त्या लॉकची चेष्टा केली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या जातीचं लॉक उघडं असताना त्याची किल्ली निघतच नाही. लॉक बंद केलं तरच किल्ली हातात येते. म्हणजे साध्या कुलपासारखं ते कुणीही येता-जाता खटकन लावू शकत नाही. लावायचं असो की काढायचं, किल्ली हवीच. एरवी ते बंद करून शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असायचं, आणि किल्ली सुहासच्या जुडग्यात.

दोन हजार एकवीसचा एप्रिल. सासऱ्यांना कोविड झाला, नागपूरला. घरी ते एकटे, जवळ फक्त माझी नणंद, सारिकाताई. सुहासने तिकीट काढलं आणि निघाला. मी नको म्हणत होते. तिथली काय अवस्था होती ते तुम्हाला मी सांगायला नको. पण बापासाठी जाणाऱ्या माणसाला काय अडवणार? जाताना घराच्या किल्ल्यांचं जुडगंही सवयीने खिशात घालून गेला. एअरपोर्टवरून फोन – "अगं, किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या." मी म्हटलं राहू देत, माझ्याकडे माझ्या आहेत.

तो गेला आणि काही दिवसांतच बॉयलर बंद पडायला लागला.

सुरुवातीचा बिघाड अगदी साधा होता, हे मी मुद्दाम सांगतेय. बॉयलर सुरू व्हायचा, जरा वेळ चालायचा, आणि गप्प. रीसेटचा लाल दिवा लागलेला. सुहासने व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून सगळं करून घेतलं. तिकडे तो बनियनवर, घामाने निथळत, इकडे मी कोट-टोपी घालून शेडमध्ये. रीसेट एकदाच दाब, पुन्हा पुन्हा दाबू नकोस. टाकीत तेल किती आहे ते काठी घालून बघ. फिल्टर बघ. मग बर्नरमधला तो छोटा डोळा, ज्योत पेटली की नाही ते बघणारा, तो काढून पूस.

"पण आधी आयसोलेटर ऑफ," तो म्हणाला. "आणि लॉक लाव."

"किल्ली कुठेय? तुझ्या खिशात, नागपुरात!"

"अरे हो..." तो हसला, आणि त्या हसण्यातूनच खोकला आला. बराच वेळ. "बरं, मग नुसतं ऑफ कर आणि दाराकडे लक्ष ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदल."

डोळ्यावर काजळी धरली होती. पुसली, बॉयलर सुरू झाला, छान चालला. मी खूश. पण फोन ठेवल्यावर आठवत राहिला तो खोकलाच.

पुढचं भराभर झालं. सुहासला ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याला बेड मिळवायला सारिकाताई आणि त्यांचे मिस्टर कुठे कुठे फिरले ते त्यांनी मला अजून धड सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात सासरे गेले. सुहास ॲडमिट होता म्हणून अग्नी सारिकाताईंनी दिला, तो प्लास्टिकचा पोशाख घालून, लांबून. सुहासला कळवलं नाही. मला रोज त्याच्याशी फोनवर खोटं बोलायला लागायचं... "बाबा बरे आहेत, झोपलेत." तोही फार विचारायचा नाही. बोलताना दम लागायचा त्याला.

आणि इकडे बॉयलर पुन्हा बंद. या वेळी रीसेटचा दिवा नाही, काही नाही. आयसोलेटरचा दांडाच फिरलेला. ऑफ.

मी अर्थातच रेवाला धरलं. "शेडमध्ये गेली होतीस?" ती म्हणाली, "आय डिडन्ट, मॅमी! आय स्वेअर!" रडायलाच लागली बिचारी. मी दांडा ऑन केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफ. वाऱ्याने? तो दांडा फिरवायला माझ्या मनगटाला जोर लागतो. मग शेजारची मुलं असतील, असं मी ठरवलं. डोकं ठिकाणावर नव्हतंच. घरमालकिणीला फोन केला की बॉयलरचं काहीतरी बिनसलंय, कुणाला तरी पाठवा. ती म्हणाली, "नोएलला पाठवते, पण या आठवड्यात जमेल की नाही..." नोएल तिचा भाऊ, तिच्या सगळ्या घरांची डागडुजी तोच बघतो.

त्यानंतरचा शनिवार. सकाळी घर गार. मी चप्पल सरकवून, चरफडत शेडमध्ये गेले. दांडा ऑफ होता.

त्यात लाल लॉक लावलेलं होतं.

सुहासचा तो मिशीवाला फोटो. त्याचं नाव. 'डेंजर, डू नॉट ऑपरेट.' मी भिंतीकडे बघितलं, खिळा रिकामा. लॉक ओढून बघितलं, पक्कं. माझी पहिली प्रतिक्रिया सांगू? मला राग आला. कुणीतरी आमची थट्टा करतंय असं वाटलं. आमच्या अशा वेळी! मग आठवलं, त्याची किल्ली तर नागपुरात आहे. मी तिथेच केरोसीनच्या डब्यावर बसले.

सारिकाताईंना फोन लावला. काही प्रस्तावना न करता विचारलं, "ताई, सुहासच्या किल्ल्या कुठे आहेत?"

"काय?"

"त्याच्या किल्ल्यांचं जुडगं. त्याच्या सामानात आहे का, बघा ना."

त्या एकदम भडकल्या. "मेघना, तिकडे भावाले व्हेंटिलेटरवर घेऊन राहिले, मी सही करून आत्ता बाहेर आली, अन् तू किल्ल्या काय विचारून राहिली?"

असं कळलं मला. मी काय बोलले ते आठवत नाही. दोघी रडलो. मग त्यांनीच, बहुतेक माझी कीव येऊन, हॉस्पिटलने परत दिलेली त्याची पिशवी उघडली. घड्याळ, पाकीट, किल्ल्या. "आहे जुडगं. एक लाल टोपीची बारकी किल्ली पण आहे. ती पाहिजे का?" मी म्हटलं नको. राहू दे. नीट ठेवा.

शेडमध्येच पक्कड होती, हातोडी होती. लॉक तोडणं काही फार अवघड नव्हतं. बाहेर पाऊस, घरात सर्दीने भरलेली पोरगी. आणि मी, भुताखेतांना हसणारी बाई, त्या लॉकला हात लावू शकले नाही. डोक्यात एकच वाक्य. मी अजून आत आहे. चालू करू नका.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. काय सांगणार? रेवाने एकदा शेडमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "दॅट्स डॅडीज्. वी'र नॉट अलाउड टच इट." तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. बाबाचं लॉक आहे, हात लावायचा नाही, बस. दोन इलेक्ट्रिक हीटर आणले, अंघोळीला इमर्शन लावायचा. मायलेकी एका खोलीत, एका पांघरुणात झोपायला लागलो. घरमालकिणीला मेसेज टाकला की बॉयलरची काही घाई नाही, सावकाश बघू.

चुकलं ते इथे. इतकी वर्षं या देशात काढून मला कळायला हवं होतं, की इथली माणसं भिडस्त. घसा सुकला तरी पाणी मागणार नाहीत. 'घाई नाही' म्हटल्यावर त्या बाईला वाटलं, नवरा तिकडे आजारी, बिचारी संकोचाने म्हणतेय. तिने नोएलला पिटाळलं.

सुहास व्हेंटिलेटरवर तसाच होता. सुधारत नव्हता, बिघडतही नव्हता. सारिकाताई रोज तेच सांगायच्या, "जैसे थे आहे." मला ते दोन शब्द जीव की प्राण झाले होते.

त्या दुपारी मी रेवाला शाळेतून घेऊन आले. दार उघडलं आणि आत पाऊल टाकलं...

घर उबदार होतं.

तुम्हाला कसं समजावू? इतके दिवस कुडकुडलेल्या माणसाला ऊब किती बरी वाटायला हवी! रेवाने दप्तर टाकलं आणि "ओ लव्हली!" म्हणत रेडिएटरला पाठ लावून उभी राहिली.  मी तशीच मागच्या दाराने धावले.

नोएल शेडपाशी उभा, हत्यारं आवरत होता. मला बघून मोठ्ठं हसला. म्हणाला, काळजी करू नकोस, ऑल सॉर्टेड. कुणा ईजिटने, म्हणजे मूर्खाने, त्या दांड्याला लॉक घालून ठेवलं होतं, ग्राइंडरने कापून टाकलं. बाकी बॉयलरला काहीसुद्धा झालेलं नाही. धूर बघितला, ज्योत बघितली, अगदी ग्रँड चाललाय. "यू'ल बी टोस्टी नाऊ," म्हणाला. त्याच्या पायाशी लाल लॉक पडलं होतं, कडी दोन ठिकाणी कापलेली. फोटो वरच्या बाजूला.

त्या भल्या माणसावर मी किती जोरात ओरडले असेन! मराठीत ओरडले, एवढं आठवतंय. त्याला बाजूला ढकलून दांडा ऑफ केला. बॉयलर घरघरत थांबला. आणि मी फोन लावला.

सारिकाताईंनी पहिल्याच रिंगला उचलला. "मी तुलेच लावत होती," त्या म्हणाल्या.  "आत्ता वर बोलावलं मले. बीपी पडून राहिलं एकदम. डॉक्टर म्हणतात तयारीत राहा."

मशीन क्षणभरही उघडं राहता कामा नये. सुहासचाच आवाज, त्याचंच वाक्य. मी घरात धावले. कुलूप, कुलूप, घरात एक कुलूप मिळेना! शेवटी माळ्यावरची मोठी बॅग खाली ओढली, तिच्या चेनला ते पितळी, चिमुकलं कुलूप होतं, दोऱ्यात बांधलेल्या किल्लीसकट. नाव-फोटो हवा... आपल्या लोकांच्या घरात दुसरं काही नसलं तरी पासपोर्ट साइज फोटो असतातच. व्हिसाच्या फाइलमधून माझा एक काढला, मागे मार्करने नाव लिहिलं, चिकटपट्टीने कुलपाला डकवला. आणि दांड्याच्या भोकात ते कुलूप घालून खटकन दाबलं.

नोएल बघतच राहिला होता. मी त्याच्याकडे पाठ करून त्या बॉयलरला, पत्र्याच्या त्या डब्याला, मोठ्याने म्हटलं, "सुहास, मी लावलंय. माझं लावलंय. कुणी चालू करणार नाही. तू ये सावकाश."

 मला त्या क्षणी जगात दुसरं काहीच नको होतं. फक्त तो हवा होता.

मी तिथून हलले नाही. नोएलने न विचारता आमच्या किचनच्या कपाटातून कप काढून चहा करून आणून दिला, रेवाला बिस्किटं दिली आणि शेडच्या दाराशी उभा राहिला. फोन आला तेव्हा उजेड होता अजून. सारिकाताई म्हणाल्या, "बीपी आलं गं थोडं वर. डॉक्टरलेही समजून नाही राहिलं. पण आलं." आणि त्या हमसून रडायला लागल्या.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, बॉयलरमधून विषारी वायू येत असेल, नवऱ्याच्या आत्म्याने बायको-मुलीला वाचवलं. मीही आधी तेच धरून बसले होते, कारण त्यात निदान काही अर्थ लागतो. पण नाही हो. बॉयलर ठणठणीत होता. नोएलने सगळं तपासलं होतं. घरात वायूचा अलार्म आहे, त्याने कधी हूं की चूं केलं नाही. आणि मुख्य म्हणजे लॉक बाहेरच्यांना वाचवायला नसतंच. ते आत उतरलेल्या माणसाचा जीव राखायला असतं. ते आमच्यासाठी नव्हतंच.

बऱ्याच दिवसांनी सुहासची नळी काढली. सारिकाताईंना आत सोडलं, तेव्हा तो अर्धवट शुद्धीत होता. त्या मला सांगत होत्या, "मले ओळखलं. पण काहीबाही बोलून राहिला गं. पहिलं म्हणे, माझं लॉक कुणी कापलं? मी म्हटलं कोणतं लॉक रे बाबा. मग म्हणे, मेघनाचं आहे ना लावलेलं? तिला सांग, काढू नको म्हणावं. मी अजून आत आहे. मी सांगेन तेव्हाच काढ."

लॉक कापल्याचं मी सारिकाताईंना सांगितलेलं नव्हतं. मी माझं लावल्याचंही नाही. त्यांना मी फक्त किल्ल्या विचारल्या होत्या. नोएल आणि नागपूर यांचा काडीचाही संबंध नाही.

सुहास ऑगस्टच्या शेवटी परत आला. निम्मा झालेला. दाढी पांढरी. बाप गेल्याचं त्याला तिकडेच कळलं होतं, त्यावर तो अजून बोलत नाही. मी त्याला शेडमध्ये नेलं, सगळं सांगितलं, कापलेलं लॉक हातात दिलं. त्याने जुडग्यातली लाल टोपीची किल्ली त्यात घातली. फिरली. माझ्यासारखाच आहे तो, पुरावा मागणारा. पुन्हा एकदा फिरवून बघितली. "मी जाताना लावून गेलो असेन का गं?" मी म्हटलं, "तू गेल्यावर बॉयलर चालू होता. तूच व्हिडिओवर दुरुस्त करून घेतलास."  हॉस्पिटलमधलं त्याला काही आठवत नाही. नळी काढल्यावर काय बोलला, तेही नाही. सारिकाताईंनी सांगितलं तर म्हणाला, "औषधांचा अंमल असेल."

आता डिसेंबर लागलाय. मागच्या कुरणावर सकाळी पांढरं दव गोठलेलं असतं. घरात आम्ही तिघंही दोन-दोन स्वेटर घालून वावरतो. माझं पितळी कुलूप अजून तिथेच आहे, माझा फोटो ओल धरून फुगलाय. घरमालकीण दोनदा विचारून गेली. नोएल मात्र विचारत नाही. त्या दिवसापासून तो शेडकडे फिरकलेलाही नाही.

सुहास रोज म्हणतो, "मेघना, काढ की गं आता. माणूस बाहेर आलाय, तुझ्यासमोर धडधाकट उभा आहे." पण स्वतः हात लावत नाही. त्याचा नियमच आहे, ज्याचं लॉक त्यानेच काढायचं.

मी जातेसुद्धा. किल्ली हातात घेऊन, दांड्यापर्यंत. परवा कुलपात घातलीही होती. आणि मग वाटतं, "काढ" कोण म्हणतंय? हा म्हणतोय, ज्याला काही आठवत नाही. "मी सांगेन तेव्हाच काढ" असं ज्याने आतून निरोप धाडला, त्याने मला अजून काहीही सांगितलेलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा, मी खरंच वाचेन, या वेळी हसणार नाही. आत्ता तो पलीकडच्या खोलीत रेवाचा गणिताचा अभ्यास घेतोय. मधेच खोकतो, मग थांबतो, आणि थांबला की मी टाइप करायचं सोडून कान देते. पुन्हा त्याचा आवाज येतो. किल्ली माझ्या स्वेटरच्या खिशात आहे.